माझ्या प्रोस्टेटचा चमत्कार

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. सगळे माझ्याकडे टक लावून बघत होते, कारण चमत्कार मीच होतो. सलग सातवा रविवार. व्यासपीठावर फुंकरवाले बाबा माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगत होते, "या शिंप्याच्या प्रोस्टेटला कॅन्सरने विळखा घातला होता, मी फुंकर मारली आणि गाठ विरघळली." त्या फुंकरीला लसणाचा वास येतो, हे मात्र ते सांगत नसत.

खरं तर मला कॅन्सर आहे असं कोणी म्हणालंच नव्हतं. लघवीचा त्रास होता, रक्ततपासणीत प्रोस्टेटचा आकडा वाढलेला, आणि तपासताना डॉक्टरबाईंच्या बोटाला प्रोस्टेट टणक लागलं. त्यांनी तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट आणायला माझी हिंमत झाली नाही. दवाखान्याचे फोनही मी उचलले नाहीत. बायकोने बाबांकडे नेलं, तीन महिन्यांत आकडा उतरला आणि मी त्या व्यासपीठावर अडकलो. दुकानात लोक मापं द्यायचं सोडून पाया पडायला लागले. बायको पुन्हा हसू लागली होती. तिला शंका कोणत्या तोंडाने सांगणार?

मग दादा आला, माझा सख्खा भाऊ. त्याच्या रिपोर्टात प्रोस्टेटचा कॅन्सर स्पष्ट लिहिला होता.

"ऑपरेशन रद्द केलं," तो म्हणाला. "तू फुंकरीने बरा झालास ना?"

दुसऱ्या दिवशी मी रिपोर्ट घ्यायला दवाखाना गाठला.

"हा कॅन्सर नाही, सूज आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "बोटाला ती कॅन्सरसारखीच लागते, आकडाही वाढवते, आणि पुष्कळदा आपोआप ओसरते. तुकडा तपासल्याशिवाय फरक कळत नाही."

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. बाबांच्या दारातला माणूस प्रत्येकाला विचारायचा, "रिपोर्ट हातात आलाय?" नाही म्हणणारा पुढच्या रांगेत, हो म्हणणारा मागे. पुढच्यांतले काही मुळात कॅन्सरचे नसायचेच. तेच पुढे चमत्कार व्हायचे.

आठव्या रविवारी मी माइकवर रिपोर्ट वाचला. बाबा म्हणाले, "आधी कॅन्सरच होता, माझ्याच फुंकरीने त्याची नुसती सूज झाली." मी रिपोर्टावरची तारीख दाखवली. तुकडा फुंकरीच्या नऊ दिवस आधी काढला होता. बायको मान खाली घालून रडत होती आणि मला तिची लाज वाटत नव्हती, माझी वाटत होती.

सोमवारी दादाने ऑपरेशनची नवी तारीख घेतली.

भीती वाटते, मलाही वाटली. तरी रिपोर्ट आणा, उघडा आणि डॉक्टरांना विचारा. मी घाबरून गप्प बसलो, त्यात माझा भाऊ जाणार होता.