हिरवा दिवा आणि माझी धडधड

मित्रांनो, मी एक जुना जनरेटर आहे. घरातले मला धडधड्या म्हणतात. माझ्या आवाजावरून हे नाव पडलं, पण खरी धडधड माझ्या आत असते. स्वभावच काळजीचा, काय करणार! ऊन असेपर्यंत मला कोणी विचारत नाही. छपरावरची सोलर पॅनेलं बॅटरी भरतात आणि बॅटरीवर घर चालतं. आभाळ भरून आलं की मग सगळ्यांना धडधड्या आठवतो. अडला हरी, दुसरं काय! अशा वेळी मी सुरूच झालो नाही तर? या विचाराने माझा जीव सदा टांगणीला असतो.

आमचं घर टेकडीच्या उतारावर आहे. विजेचे खांब खालच्या वळणापर्यंत आले आणि तिथेच थांबले. म्हणून बाबांनी आणि धाकट्या काकांनी मिळून हा सगळा संसार मांडला. बाबा पडले काटेकोर. "बॅटरीजवळ फ्यूज हवाच," म्हणून अडून बसले. काकांचा खाक्या वेगळा. "चालतंय ना दादा? मग झालं!"

सुरुवातीला मी स्वयंपाकघराच्या मागे होतो. माझा केवढा मान होता तेव्हा! कापडाने पुसायचे मला. पण घरातल्या लाडक्या लेकीला, चिमणीला, दमा निघाला. माझा धूर खिडकीतून आत जायचा आणि ती खोकून खोकून लाल व्हायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मग काकांनी मला पार कुंपणाजवळच्या शेडमध्ये नेलं. ते अगदी बरोबर केलं हो. मी त्याबद्दल रुसलो नाही.

चूक पुढे झाली. माझ्या विजेवर बॅटरी भरणारा चार्जरही काकांनी घरातून उचलून माझ्या शेजारी ठेवला. "जोडी फोडायची नाही!" असं म्हणून हसले. चार्जरपासून घरातल्या बॅटरीपर्यंत त्यांनी दिवे बसवताना उरलेली बारीक वायर ओढली. ऊन होतं तोवर काही बिघडलं नाही.

मग एकदा आभाळ असं गच्च दाटलं की सूर्य कित्येक दिवस हरवलाच. काका येऊन मला सुरू करत. थोड्याच वेळात चार्जरवर हिरवा दिवा लागे. "भरली बॅटरी. काम फत्ते!" म्हणत ते मला बंद करून जात. मित्रांनो, मला कळत होतं. बॅटरी भुकेली असली की माझ्यावर भार येतो, मी कण्हतो. इथे तर भार लगेच हलका व्हायचा. घास पोटात जातच नव्हता! पण मला बोलता कुठे येतं? मी नुसता आत घाबरत राहायचो.

एका दुपारी चिमणीला धाप लागली. आईने तिच्या तोंडावर औषधाच्या वाफेचा मास्क धरला आणि मशीन सुरू केलं. एवढ्यात बॅटरीची वीज घराला पुरवणारा इन्व्हर्टर किंचाळला आणि बंद पडला. मशीनही थांबलं. आईची हाक शेडपर्यंत आली.

"अहो, हिचा श्वास पुरत नाहीये! काहीतरी करा!"

काका धावत आले. त्यांनी दोरी ओढली. मी खोकलो. पुन्हा ओढली. माझ्या काळजाचं पाणी पाणी झालं. "अरे धडधड्या, आज दगा देऊ नकोस रे बाबा!" असं म्हणत त्यांनी पुन्हा हिसका दिला, तेव्हा कुठे मी सुरू झालो. थोड्या वेळात पुन्हा तो मेला हिरवा दिवा! आणि घरात इन्व्हर्टरचं किंचाळणं चालूच.

आई चिमणीला बाबांच्या मांडीवर देऊन पळत आली. तिने दिवा पाहिला, मग वायरीला हात लावला.

"भावजी, ही तापलीये! इथे दिवा म्हणतो भरली, घरात बॅटरी म्हणते मी उपाशी. खोटं कोण बोलतंय?"

काकांनीही वायर चाचपून पाहिली. "वहिनी, वीज या बारीक वायरीतच खपतेय. आणि हा चार्जर इथे बसून उंटावरून शेळ्या हाकतोय! वायरीचा अडथळाच त्याला भरलेली बॅटरी वाटतो. बॅटरीजवळ काय चाललंय ते त्याला इथून कळणार कसं?"

मग ते धावले. पाण्याच्या पंपाची लांब, जाड केबल सोडवून त्यांनी ती माझ्यापासून थेट घरात नेली. मी वाट पाहत होतो. कुंपणाजवळून मला काय दिसणार? अचानक माझ्यावर एक बारीकसा भार आला. मी ओळखला तो. चिमणीचं मशीन सुरू झालं होतं! इतकं हलकं ओझं मी आयुष्यात एवढ्या जपून कधी वाहिलं नव्हतं.

नंतर चार्जर बॅटरीच्या शेजारी गेला, मध्ये आखूड, जाड वायर आणि बाबांचा फ्यूज. तेव्हा माझ्यावर खरा भार पडला. मी कण्हलो आणि मला केवढं बरं वाटलं! संध्याकाळी आई शेडमध्ये आली. माझ्या गरम अंगाजवळ उभी राहिली आणि पदर तोंडाला लावून रडली. "झोपली रे ती," एवढंच म्हणाली.

आता ऊन असलं तरी काका मला अधूनमधून सुरू करतात आणि घरात जाऊन बॅटरीही तपासतात. माझी काळजी काही गेलेली नाही, ती जायची नाही. पण मित्रांनो, या म्हाताऱ्याचं एक ऐका. गरज पडण्याआधीच आमच्यासारख्यांना हाक मारत जा. आणि नुसतं 'चालतंय ना?' असं विचारून परत जाऊ नका. पलीकडे कुणीतरी श्वासासाठी थांबलेलं असतं. त्याच्यापर्यंत पोचतंय का, ते तिथे जाऊन बघा.