शिवण बाहेर

मुलीने पिशवी उलटी करून शिलाई मशीनवर ठेवली. वडिलांनी ती उचलली, पुन्हा सुलटी केली आणि तिच्याकडे सरकवली.

"कच्ची शिवण बाहेर दिसेल असं काम आजवर या दुकानातून गेलेलं नाही."

"बाबा, हा सदरा नाही. भाताच्या लोंबीवर चढवायचीय."

"तुझ्या त्या गवतावर."

"गवत तर गवत. शेतातल्या भातावर रोग पडला की तग धरणारं बी हवं म्हणून सगळे भाताच्या या जंगली भाऊबंदालाच शोधत येतात."

"आणि एरवी?"

"एरवी कोण विचारतंय? नातलगांचं असंच असतं."

वडील गालातल्या गालात हसले, पण हट्ट काही सोडेनात. तिने पुन्हा समजावलं. शेतातला भात विळ्याची वाट बघतो; हा जंगली भात पिकला की दाणा टाकून मोकळा होतो. म्हणून लोंबीला पिशवी. गेल्या वर्षी पिशवीच्या आतल्या शिवणीच्या दोऱ्यांत कुसळं अडकली आणि सोडवताना निम्मे दाणे मोडले. ज्या तळ्याकाठी हा भात उगवायचा, ते तळं बुजवून टाकलं होतं. बियाणे केंद्रातल्या तिच्या कुंड्यांत उरली ती शेवटची रोपं, आणि साठवलेलं जुनं बी आता उगवत नव्हतं. एवढं सांगून तिने पिशवी पुन्हा उलटी केली. वडिलांनी चष्मा पुसला आणि पिशवी खिशात घातली.

कापणीच्या दिवशी ते आपणहून केंद्रात आले. कुंड्यांतल्या लोंब्यांवर त्यांच्या पिशव्या डुलत होत्या, सगळ्यांच्या शिवणी बाहेर. मुलीने पहिली पिशवी अलगद काढून पांढऱ्या ताटलीत झटकली. लांब कुसळांचे काळपट दाणे घरंगळत आले. वडिलांनी पिशवीत बोट घालून कोपरान् कोपरा चाचपला. आत काहीच अडकलं नव्हतं. मुलीला वाटलं, आत्ता इथेच त्यांना मिठी मारावी.

पाहणीला आलेले साहेब तेवढ्यात जवळ आले.

"काय मास्तर, घाईत उलट्या शिवल्यात वाटतं?"

मुलगी काही बोलणार, तोच वडिलांनी तिला हातानेच थांबवलं. त्यांनी पिशवी साहेबांच्या डोळ्यांसमोर धरली. कच्च्या शिवणीलगत, अगदी दर्शनी भागी, दुकानाच्या नावाची लाल पट्टी शिवली होती.

"ही पट्टी मी कोटाच्या आत लावतो, साहेब," ते म्हणाले. "इथे बाहेर लावलीय."