प्रोपेलरपुढे

विस्कॉन्सिनमधल्या आमच्या गॅरेजात बाबांनी कित्येक वर्षं खपून एक जुनं, दोन माणसांचं विमान पुन्हा उभं केलं. आज ते अंगणात आणलं होतं. त्याला स्टार्टर नव्हता. इंजिनात तेल खेळावं म्हणून प्रोपेलर आधी हातानं फिरवायचा होता, आणि ते काम माझ्याकडे होतं.

“स्विच नक्की बंद आहे ना?” मी पुन्हा विचारलं.

“किल्ली माझ्या हातात आहे, बाईसाहेब!” बाबांनी ती विमानाच्या खिडकीतून नाचवली. “कॉलेजात फिजिक्स शिकलीस की घाबरायला?”

दोन्ही शिकले होते. दिव्याची तार तुटली की दिवा विझतो. या इंजिनाच्या स्विचची तार तुटली, तर उलट, स्विच बंद असला तरी ठिणगी पडतच राहते. म्हणून पात्याला बोटं न अडकवता मी नुसते तळवे टेकवले, जोरात खाली ओढलं आणि मागे उडी मारली.

इंजिन धडधडत सुरू झालं. माझी मनगटं होती तिथे आता नुसतं धूसर वर्तुळ होतं. बाबांनी पेट्रोल बंद केलं, तरी कार्बोरेटरमधलं संपेपर्यंत ते फिरतच राहिलं. चाकांपुढचे ठोकळे करकरत होते.

अखेर ते थांबलं. बाबा धावत आले. “हात दाखव.” त्यांनी माझं एकेक बोट चाचपलं आणि हात सोडलेच नाहीत.