बाबांचं 'झालंच'

आमचे बाबा सुतार. गिऱ्हाइकाला ते 'झालं' कधीच म्हणायचे नाहीत, 'झालंच' म्हणायचे. लाकूड अजून वखारीत असलं तरी झालंच. आणि काम खरंच पुरं झालं की काही न बोलता कानावरची पेन्सिल खिशात टाकायचे.

घरच्या बाथरूमला अकरा वर्षं कडी नव्हती. तीही झालंच. म्हणून आत असलेल्याने आवाज करत राहायचं, हा घरचा कायदा. मी शिट्टी वाजवायचे, बाबा खोकायचे. आईला गाता येत नसे. ती पाढे म्हणायची. एकदा बाहेर बसलेल्या गिऱ्हाइकाने मला हळूच विचारलं, "शिकवणी कितीला सुटते?"

मग आई दवाखान्यात गेली. बाबांना म्हणाली, "घरी येईन तेव्हा कडी लागलेली असू दे. एकदा तरी गप्प बसून अंघोळ करू दे मला."

"झालंच."

"तुमच्या आधी माझंच उरकेल बघा."

नर्ससुद्धा हसली. बाबा नाही हसले. त्याच दुपारी कडी आणली. स्क्रू आखूड निघाले. दुसऱ्या दिवशी कळलं, दार फुगलंय. ते रंधा मारत बसले. तिसऱ्या दिवशी कडी लागली, पेन्सिल खिशात गेली, आणि आम्ही तिला सांगायला धावलो.

अर्ध्या तासाचा उशीर झाला होता. बाबा तिच्या कानाशी वाकले. "लागली गं कडी," म्हणाले.

आई गेल्यावर भेटायला आलेला मामा त्या कडीमागे अडकला. बाबा बाहेरून दाराच्या फटीत पेचकस फिरवत म्हणत होते, "झालंच, झालंच."

आतून मामा म्हणाला, "भावोजी, दुसरं काहीही बोला, पण हे नको. मला संध्याकाळची गाडी आहे."

घरभर हसू फुटलं. बाबाही हसले, आणि हसता हसता दाराला टेकून खाली बसले. उठेचनात. मामा आतून विचारत राहिला, "काय झालं? कुणीतरी बोला."

शेवटी कडी उपटूनच काढली. बाबांनी ती परत लावली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाथरूममधून खोकला आला नाही. आवाज आला, "बारा एके बारा." चाचपडत बारा सक बहात्तरपर्यंत गाडी आली आणि थांबली. नुसता नळ वाहत राहिला.

"चौऱ्याऐंशी," मी बाहेरून म्हटलं.

आतून आलं, "झालंच."