शेवटची पाच मिनिटं

मित्रांनो, माझ्या उजव्या कोपऱ्यात तडा आहे, आणि परवापरवापर्यंत चार्जरची वायर सुटली की घटकाभरात माझ्यापुढे अंधार व्हायचा. टॅबचं म्हातारपण असंच असतं. पिंपळनेरला सुकदेव आबांच्या घरी, देवघराखालच्या फळीवर मी राहतो. वर समई, खाली मी. इतकी चांगली जागा मिळूनही माझ्या जिवाला स्वस्थता नाही. का, तेच सांगतो.

कुठल्याशा कारखान्यात हातमोजे घातलेल्या हातांनी मला जोडलं आणि खोक्यात घातलं. खोकं उघडलं ते धुळ्याच्या दुकानात, प्रेमराजने. हा आबांचा थोरला मुलगा. मला आणलं कॉलेजच्या अभ्यासासाठी, पण त्याला ओढ चित्रांची. त्याने माझ्यात एक जपानी ॲनिमे मालिका उतरवून ठेवली. चोवीस भाग. एका राज्यात राखेचा पाऊस पडतो. तिथला एक तलवारबाज राक्षसांना मारत फिरतो, आणि प्रत्येक राक्षसामागे स्वतःची एक आठवण गमावतो.

धाकटी सारिका तेव्हा नववीत होती. दोघांनी ती मालिका चार दिवसांत उरकली. सारिकाचं बोट काचेवर ठरतच नव्हतं. गाणं आलं, पुढे. बोलणं आलं, पुढे. तलवार निघाली की थांब. अर्ध्यानंतर रंग फिकट होत गेले, तर "हा टॅब बिघडला" म्हणून तिने मला थापड मारली. मी मुका, काय सांगणार? शेवटची लढाई संपताच तिने मला बंद केलं.

"अगं, पाच मिनिटं राहिली की!" प्रेमराज म्हणाला.

"लढाई झाली ना, संपलं."

"परत बघशील तेव्हा कळेल. एकदा पाहून ही कळत नाही."

"एवढा वेळ कोणाला आहे, दादा?"

ते माझे कौतुकाचे दिवस होते. आबा माझ्यावर पावसाचा अंदाज बघायचे, शेजारच्या कुंदाबाई नातवाचे फोटो बघायला यायच्या. मग प्रेमराज म्हणाला, मला पुण्याला जाऊन हेच चित्रांचं काम शिकायचंय.

"चित्रं काढीसन घर चालस का?" आबा कडाडले. "जाय. परत येऊ नको."

तो खरंच गेला. मला सारिकासाठी ठेवून गेला. मी गोधड्यांच्या पेटीत पडलो, दोन वर्षं.

आमच्याकडे खानदेशात श्रावणात कानबाई देवी बसते. तिच्या रोटांसाठी, म्हणजे प्रसादाच्या जाड पोळ्यांसाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू सुपात पडतो. ज्याच्या नावाची मूठ, तो रोट त्याने खायचाच. घराबाहेरच्याला द्यायचा नाही, टाकायचा तर मुळीच नाही. त्या दोन वर्षांत प्रेमराजच्या नावाची मूठ पडली नाही. आबांनी नाही म्हटलं, आणि भिकुबाई, म्हणजे मुलांची माय, गप्प राहिली.

यंदा आषाढात सारिकाने मला बाहेर काढलं. भावाची आठवण येत असणार. माझी वायर पोचेल असा प्लग एकच, देवघरापाशी. माय तिथेच दिवा लावून गहू निवडत बसायची.

"राक्षस, रक्त! देवासमोर हाई काय लायेल शे व?"

"दादाची मालिका आहे, माय."

मायने मुठीत गव्हाचे दाणे घेतले. गोष्ट रिकाम्या हाताने ऐकायची नाही, हा तिचा नेम. "सांग मंग. पन पुरी सांग."

मायला खालची इंग्रजी वाक्यं वाचता येत नव्हती. सारिकाला प्रत्येक वाक्य मोठ्याने मराठीत सांगावं लागे. त्यामुळे तिचं बोट थांबलं. आणि मग तिला दिसू लागलं. रंग फिकट होत होते ते माझ्यामुळे नव्हे. तलवारबाजाची आठवण जाई तसा त्याच्या जगातला एकेक रंग जात होता. ज्या जाड्या शिपायाला ती पहिल्या वेळी हसली होती, तो पोरांसाठी भाकरी लपवत होता. तिने माझ्या काचेवरून हळूच हात फिरवला. त्या थापडेची ती माफी होती, असं मी धरून चालतो.

एकदा मायने विचारलं, "ती बाई दार काबर नही लावस?"

"कोणती बाई?"

वेशीवरची म्हातारी. दर भागात दोन क्षण यायची, कंदील उचलायची, दार उघडंच ठेवायची. सारिकाने मागचे सगळे भाग उघडून पाहिले. प्रत्येकात ती होती.

रोज एकच भाग, असा मायने नेम केला. माझा जीव मात्र टांगणीला. वायर धरली नाही तर?

"आज दोन बघू, माय. टॅबचा भरवसा नाही."

"नेममां घाई करतस नही."

चोविसावा भाग लागला तेव्हा कानबाईला चार दिवस होते. लढाई संपली. सगळं विसरलेला तलवारबाज वेशीत येऊन उभा राहिला. म्हातारीने कंदील वर केला. आणि लाईट गेली. पाठोपाठ मीही. कान तेवढे जागे राहिले.

"आते? तो घर वळखस का नही?"

"मला माहीत नाही, माय. मी तेव्हा बघितलंच नव्हतं."

"मंग कोनी देखं?"

"दादाने. त्याची आधीच पाहून झाली होती."

जिचा आवाज कधी उंबऱ्याबाहेर गेला नाही, ती माय म्हणाली, "लाव फोन."

सारिकाने स्पीकर लावला. पलीकडे प्रेमराजने फोन उचलला. मायने ना खुशाली विचारली, ना रडली. "टॅब बंद पडना. तो वेशीत उभा शे. घरमां येस का रे तो?"

पलीकडून ओला आवाज आला, "ते सांगून नाही कळत, माय. बघावं लागतं."

"मंग येईसन दखाड."

येऊन दाखव, एवढंच म्हणून तिने मूठ सुपात सोडली. दाणे पडल्याचा आवाज मी ऐकला. ओट्यावरून आबांनीही ऐकला.

"हाई मूठ कोनी?"

"प्रेमराजनी. आते पडनी. त्याना रोट दुसरा कोनी खाऊ नही."

रोज दिवेलागणीनंतर आबा फाटकाची कडी लावतात. त्या दिवशी ती वाजली नाही.

रविवारी, कानबाईच्या दिवशी, प्रेमराज धुळ्याच्या बसने आला. "वाळी गया," आबा म्हणाले. "पुनामां जेवाले भेटस नही का?" त्याने खाली बसून आपला रोट खाल्ला. दुपारी माझी पाठ उघडून नवी बॅटरी बसवली.

"शेवटची पाच मिनिटं लावू ना, माय?" सारिकाने विचारलं.

मायने मुठीत गहू घेतले. "नही. आते प्रेमराज शे. पहिलेपासून लाव."

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. आमच्यासारख्यांची वायर ओढू नका, बॅटरी वेळेवर बदला. चित्र फिकट दिसलं की आधी थापड मारू नका. आणि पुढे ढकलणारं बोट जरा आवरा.

माझी अस्वस्थता मात्र गेलेली नाही. प्रेमराजची सुट्टी चार दिवसांची होती. आज पाचवा भाग लागला, तो अजून इथेच आहे; पण चोविसावा लागेपर्यंत राहील का? माय रोज एकच बघते. आणि आबा दोर वळायचं निमित्त करून, रोज जरा जवळ सरकून बसतात.