अव्होकाडोच्या झाडावरचे फोन

मेक्सिकोतल्या ओआहाकाच्या डोंगरातल्या आमच्या गावात पाणी सोडलं की भोंग्यावरून सांगायचं काम माझ्याकडे आहे. आधी नाचाची एक धून लावायची, मग बातमी. कुणाकडे पानात उकडलेले मक्याचे तामालेस विकायला आहेत, कुणाचं गाढव सुटलंय, कोणत्या वस्तीला पाणी आलंय, सगळं मी दार लावून बोलतो. समोर माणसं असली की माझी जीभ अडखळते. एरवी मी गावच्या वाचनालयात असतो. तिथे शनिवारी शहरातून एक शिक्षिका येते आणि मुलांना मोबाइलची अ‍ॅप बनवायला शिकवते.

त्या मुलांपैकी नेरेइदाचं घर दरीपलीकडे. मधे डोंगराचा खांदा आडवा येतो, म्हणून तिकडे भोंगा ऐकू जात नाही. पाणी येतं तेव्हा नळाशी कुणी नसतं, आणि ते पुढच्या वस्तीला वळेपर्यंत टाक्या कोरड्याच राहतात. नेरेइदा आणि आब्दिआस या दोघांनी त्यासाठी अ‍ॅप बनवलं. वाचनालयातून एक बटण दाबायचं की पलीकडच्या प्रत्येक फोनवर निरोप जाणार.

पाण्याच्या पहिल्या पाळीला मीच बटण दाबलं. निरोप सगळीकडे पोचल्याचं पडद्यावर दिसलं. टाकी एकही भरली नाही.

गावसभेत प्रमुख विल्फ्रिदो म्हणाले, "निरोप पोचला म्हणता? मग त्यालाच प्यायला द्या."

सगळे हसले. मी मान खाली घातली.

"आणखी एक पाळी देतो," ते म्हणाले. "तेव्हाही टाक्या कोरड्या राहिल्या, तर हा खेळ बंद. वाचनालयाची खोली मक्याच्या पोत्यांना लागतेय."

"भरतील टाक्या," नेरेइदा म्हणाली. "तुम्ही स्वतः या बघायला."

सभा संपल्यावर मी तिच्याबरोबर पलीकडे गेलो. निरोप आला होता का ते बघायला तिनं सवयीनं अंगणातल्या अव्होकाडोच्या फांदीवरची कापडी पिशवी काढली, आणि पिशवी हातात धरून हसतच सुटली.

"काय झालं गं?" तिची आई ग्रिसेल्दा स्वयंपाकघरातून ओरडली.

"आई, फोन झाडावर आहे!"

"मग कुठं असणार? खाली रेंज येते का?"

त्या वस्तीत सगळ्यांचे फोन झाडांवरच. वाचनालयात मुलांनी फोन हातात धरून अ‍ॅप तपासलं होतं. इथं पिशवीत तो बारीक गुरगुरून गप्प झाला होता, आणि माणसं होती चुलीपाशी किंवा मक्याच्या शेतात.

"एबोदिओकाका, तुमचा आवाज पाहिजे," नेरेइदा म्हणाली. "धून आणि बातमी आधीच फोनात भरून ठेवू. वाचनालयातून नुसता इशारा आला की फोन बोंबलेल."

"प्रमुखांचा घ्या ना. माझा फाटका आहे."

"फाटकाच हवा. तो ऐकला की गावात बायका हातातली मक्याची तोर्तिया तव्यावरच टाकून पळतात. विल्फ्रिदोकाकांचा ऐकून कोण पळेल? सभेत झोप लागते त्यानं."

मी दार लावून बोललो. तरी वाटत राहिलं, पोरीनं माझ्यावर फार भरवसा टाकला.

दुसऱ्या पाळीला आब्दिआस बटणापाशी बसला. मी आणि विल्फ्रिदो नेरेइदाच्या अंगणात उभे होतो. बराच वेळ काहीच झालं नाही.

"रेंज गेली असेल," मी पुटपुटलो.

"थांबा हो काका," नेरेइदा म्हणाली.

आणि अव्होकाडोतून धून सुरू झाली. मग शेजारच्या झाडातून, मग उतारावरच्या, एकामागून एक, जरा पुढंमागं. पाठोपाठ एक म्हातारा सगळ्या झाडांमधून ओरडू लागला, "दरीपलीकडच्या मंडळींनो, पाणी आलंय!" तो मी होतो. बाहेरून मी स्वतःला कधी ऐकलंच नव्हतं. बरा होता आवाज.

मक्यातून बायका धावत आल्या. टाक्यांमध्ये पाणी कोसळू लागलं. विल्फ्रिदोंनी पाण्यात हात बुडवला, तोंडावर फिरवला आणि म्हणाले, "पोत्यांना दुसरी जागा बघू."

"अगं, टाकी भरत आली!" ग्रिसेल्दा झाडाखालून ओरडली. "या एबोदिओला आता गप्प कसं करायचं?"

"झाडावरून काढ, आई," नेरेइदा म्हणाली. "हातात घेतल्याशिवाय काका थांबत नाहीत. तसंच बनवलंय."