नऊ ओळी खोडलेली वही

आधी हात धुऊन या, मग मला उघडा. मी सुंदराबाईंच्या गाण्यांची वही बोलतेय, आणि सुक्या बोंबलाच्या हातांनी मला आयुष्यभर पुरेसं छळलंय.

मुलुंडच्या एका दुकानातून मी आले. जाड पुठ्ठा, दोनशे पानं. सुंदराबाई चौथी शिकलेल्या. आमच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यात त्यांच्या गाण्याशिवाय कुणाची हळद लागत नसे. सासूची गाणी विसरायला नकोत म्हणून त्यांनी ती माझ्यात उतरवली. पहिल्याच पानावर भरतीचं गाणं आहे. अकरा ओळी, आणि ओळीगणिक खाडीतली एक मासळी. “आयली भरती गो, खाडीन जिताडा आयला,” अशी त्याची सुरुवात.

सासूने त्यांना एक दंडक घालून दिला होता. जे जाल्यान नाय, ते गान्यान नाय. खाडीत येईनाशा झालेल्या मासळीला गाण्यात हाक मारायची नाही. जिताडा दिसेनासा झाला तेव्हा सुंदराबाईंनी त्याच्या ओळीवर पेन्सिलीने रेघ मारली आणि कडेला लिहिलं, “रुचिराचं बारसं. पयला भराव.” खाडीत माती टाकून जमीन करणं तेव्हा सुरू झालं होतं. पुढे कालवं गेली. मग एकेक करून बाकीची, आणि प्रत्येकीच्या कडेला तशीच नोंद. रेशनकार्डावरून मेलेल्या माणसाचं नाव कमी करतात, तशा नऊ ओळी गेल्या. उरले बोईट आणि निवट्या. त्या पानाची मला फार लाज वाटायची.

रुचिरा म्हणजे त्यांची नात. कॉलेजच्या पर्यावरण स्पर्धेसाठी तिने माझ्या शेवटच्या पानावर कविता लिहिली. हिरवी धरती, निळं आकाश, माणसा जागा हो. दुसरं बक्षीसही मिळालं. वहीने बोलू नये, पण त्या कवितेत आमच्या खाडीचा एक थेंब नव्हता.

यंदा खाडीवर तिसऱ्या भरावाची नोटीस लागली. रुचिराचा बाप लवू खाडीच्या ज्या तोंडातून होडी काढतो, तेच बुजणार होतं. भराव टाकणाऱ्या कंपनीच्या अहवालात लिहिलं होतं की इथे मासेमारी होतच नाही. हे खोडून काढायला एकच जागा होती, ती म्हणजे जनसुनावणी. तिथे हरकत टिकली नाही तर लवूची होडी कायमची काठावर.

“मी माझी कविता वाचते,” रुचिरा म्हणाली.

“तुज्या कवितेन मासली कंची हाय गो?” सुंदराबाईंनी विचारलं. रुचिराने माझं शेवटचं पान मिटलं.

ठरलं की आजीने भरतीचं गाणं म्हणायचं, अख्खं. सुंदराबाईंनी खोडलेल्या ओळींवरून एकदा बोट फिरवलं. मला तिथेच धडकी भरली, कारण मी त्यांना ओळखते.

सुनावणी एका लग्नाच्या हॉलमध्ये होती. माणशी तीन मिनिटं. रुचिराने मला छातीशी इतकं घट्ट धरलं होतं की माझा पुठ्ठा वाकला. सुंदराबाई माईकसमोर उभ्या राहिल्या, बोईट आणि निवट्याच्या दोन ओळी गायल्या आणि थांबल्या.

“आजी, पुढचं म्हण ना,” रुचिरा कुजबुजली.

“नाय. जे नाय त्याला कशी हाक मारू?”

कंपनीचे सल्लागार हसले. “मॅडम, म्हणजे दोनच मासे. आमचा अहवाल बरोबर आहे.”

लवूने मान खाली घातली. एक मिनिट उरलं होतं. सुंदराबाईंनी हात आडवा केला तरी रुचिराने मला उघडलं आणि सुनावणी घेणाऱ्या अधिकारीबाईंपुढे ठेवलं. माझं ते उघडंवाघडं पान सगळ्यांसमोर आलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

“मॅडम, खोडलेलं वाचा. कडेचं पण वाचा,” रुचिरा म्हणाली. “पहिल्या भरावानंतर चार मासळ्या गेल्या, दुसऱ्यानंतर पाच. मासे नव्हते असं नाही, ते घालवलेत. आता दोन उरलेत आणि हा तिसरा भराव आहे.”

अधिकारीबाई बोट ठेवून एकेक ओळ वाचत गेल्या. तीन मिनिटांची घंटा वाजली, तरी त्यांनी मान वर केली नाही.

“हे सगळं पेन्सिलीने आहे,” सल्लागार म्हणाले. “काल बसूनही लिहिता येईल.”

बाईंनी सुंदराबाईंकडे पाहिलं. “आजी, गाणी शाईने लिहिलीत. मग रेघा पेन्सिलीने का?”

सुंदराबाईंना तो प्रश्नच वेड्यासारखा वाटला असावा.

“मासली परत आयली तर रेघ खोडाया नको?”

सल्लागारांनी कागद चाळायला घेतले. बाईंनी मला शेजारच्या कारकुनाकडे सरकवलं. मग म्हणाल्या, “वही नोंदीला घ्या. मूळ प्रत.”

देताना सुंदराबाईंचा हात माझ्यावरून सुटत नव्हता. एका बाजूने त्यांनी धरलेलं, दुसऱ्या बाजूने कारकुनाने. शेवटी त्यांनी कनवटीला हात घातला आणि काहीतरी काढून माझ्या पहिल्या पानात दाबलं.

आता मी सरकारी कपाटात आहे. पुठ्ठ्यावर नंबर चिकटवलाय. निकाल अजून लागलेला नाही, आणि लवू रोज त्याच तोंडातून होडी काढतो की नाही हे मला इथे कळत नाही. तुम्ही गाणी लिहीत असाल, तर खुशाल लिहा, पण आपल्या खाडीतल्या मासळीचं नाव विचारून घ्या आणि मग लिहा. आणि ही फाईल कुणी काढलीत, तर पहिलं पान जपून उघडा. जिताड्याच्या ओळीवर एक खोडरबर ठेवलेला आहे. तो अजून वापरलेला नाही.